शब्दाला पंचेचाळीस पैसे

शब्दाला पंचेचाळीस पैसे.
'आणि'ला तेवढेच, 'अंतःकरण'ला तेवढेच,
म्हणून मी 'आणि' सढळ हाताने वापरते.

सकाळी साडेसहाला मागच्या पडवीत
आईच्या शिवणयंत्रावर लॅपटॉप उघडायचा.
खाली पाय आपोआप पायट्यावर जातो,
पट्टा तुटलेलं चाक फिरत राहतं
आणि एखादं वाक्य त्या नादात
सरळ टीप पडल्यासारखं उतरतं.
बाकीची उसवत बसते.

आज बाणेरच्या एका गादीवाल्या कंपनीसाठी
गाढ झोपेचे उपाय. बाराशे शब्द.
'समुद्राची गाज' मजकुरात तीनदा यावी,
पहिली शक्यतो पहिल्याच परिच्छेदात.
मी निवतीत राहते हे त्यांना ठाऊक नाही.
रात्री दोनला बर्फ फोडायचं यंत्र सुरू होतं,
साडेतीनला होड्या परततात,
कुणाचं तरी कुणाशी टोपलीवरून वाजतं.
हे कुठल्याच परिच्छेदात बसत नाही.

नेटवर्कच्या दोन दांड्या,
त्याही फणसाकडच्या खिडकीत हात बाहेर काढला तर.
पाठवलेली फाइल निम्म्यावर अडकते
तेव्हा मी तशीच उभी असते, हात बाहेर,
येणाऱ्याजाणाऱ्याला वाटतं, पाऊस आहे का बघतेय.

"तू घराकच आसंस मां?"
हा प्रश्न नसतो.
त्याच्यामागून तीन घरांचे सिलिंडर येतात,
कुरिअर येतं, कुणाचं तरी पोर अर्ध्या तासासाठी येतं.
आज द्रौपदीकाकी गिरप आली,
माझ्या खळ्यात तिने गोलमो पसरला,
"कावळ्यांका बघ" म्हणून बाजारात गेली.
तेव्हापासून डाव्या हातात शिपटी,
उजव्या हाताने: दीर्घ श्वास घ्या. मन रिकामं करा.

बँकेतल्या पोराने 'व्यवसाय'च्या रकान्यात
न विचारताच 'गृहिणी' लिहिलं होतं.
मी खोडलं नाही.
खोडायला त्याचंच पेन मागावं लागलं असतं.

फेब्रुवारीचं बिल 'प्रोसेसमध्ये' आहे.
पहिल्यांदा विचारलं तेव्हा मोहर होता.
दुसऱ्यांदा, मिठाला लावायच्या कैऱ्या.
आता अढीत शेवटचे चार आंबे, त्यातला एक डागी,
आणि नवीन मॅडम विचारतात,
आधीच्या मॅडमशी काय बोलणं झालं होतं?

दुपारी काकी परत आली ती कागद घेऊन.
मोठ्या ट्रॉलरने झिलाचं जाळं फाडून नेलं,
बंदरखात्याला अर्ज हवा.
मी लिहिला. चांगला लिहिला.
'पोटावर पाय' होतं त्यात, 'नम्र विनंती' होती,
'डोळ्यांसमोर अंधार' होता.
मोठ्याने वाचून दाखवला.
ती चुलीकडे बघत ऐकत होती.
"येवढां सायब वाचूचो नाय," म्हणाली.
"अंधार काढ. तेका नको आमचो अंधार.
इनंती कित्याक? जाळां आमचां.
ट्रॉलरचो नंबर वर घाल. आणि किंमत."

काढत गेले. एकशेऐंशीचे चव्वेचाळीस उरले.
नऊ वर्षांत एवढं कुणी कापलं नव्हतं माझं
आणि का कापलं ते सांगून.
वीस रुपयांच्या आसपास झाले असते,
मनात हिशेब झालाच, सवय.

खळ्यात आलो तर
कावळ्यांनी एक अख्खा कोपरा साफ केलेला.
काकीने कोपऱ्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.
काही बोलली नाही.
उरलेला गोलमो गोळा केला,
जाताना एक मूठ पायरीवर ठेवली,
ती देणं म्हणून की बघ म्हणून,
ते मला अजून कळलेलं नाही.

पाच वाजले. सहाशे तीस शब्द बाकी,
गाज अजून एकदा यायची आहे.
बोटांना गोलम्याचा वास,
स्पेसबारलाही आता.
खिडकीतून कान देऊन बघते:
ओहोटी. पाणी पार खडपांपलीकडे गेलंय,
इथवर काही ऐकू येत नाही.
दूरवर समुद्राची गाज, मी लिहिते,
आणि पुढे एक 'आणि' टाकते.