दहा हजारांवर सोलापूर

हैदराबाद सोडून पंचवीस मिनिटं झाली,
गॅलीतली शेंगदाण्याची पाकिटं
कबुतराच्या छातीसारखी फुगली.
जोसेफिननं ते पाहिलं, आणि तिला प्रश्न पडला
एवढ्याशा गोष्टीसाठी कॉकपिटला फोन करावा का.
तिचा हात फोनकडे जाईस्तोवर
आमच्याकडे भोंगा वाजला.

भोंगा.
माझ्या गावात भोंगा झाला की पाळी बदलायची,
डबे निघायचे, सायकली निघायच्या.
गिरण्या गेल्या, तो आवाज गेला,
आणि आता चौतीस हजार फुटांवर, बाहेर उणे पन्नास,
तो माझ्या डोक्यावर ओरडत होता:
हवा गळतेय, कुठून ते तुझं तू शोध.

मास्क, कॅप्टन ओक म्हणाले.
आधी स्वतःचं नाक. मग कागद, मग माणसं.
हे पहिल्यांदा शिकवलं तेव्हा मला लाज वाटली होती,
आमच्या घरात आई शेवटी जेवते.
मग बंगळुरूच्या चेंबरमध्ये त्यांनी हवा विरळ केली
आणि वजाबाक्या करायला दिल्या.
शंभरातून सात वजा, त्यातून पुन्हा सात.
मी सगळ्या चुकवल्या आणि खुदुखुदु हसत राहिले.
गुदमरत नाही तिथं माणूस.
त्याला बरं वाटतं.

झडप हातानं मिटवली. सुई ऐकेना.
केबिनची उंची चढतच राहिली, भाडेकरूसारखी, न विचारता.
ओक म्हणाले, उतरू या.
थ्रॉटल मागे, स्पीडब्रेक वर, नाक खाली,
मी रेडिओवर मे-डे म्हटलं तीनदा,
मास्कमध्ये माझा आवाज दुसऱ्याच कुणाचा होता,
सात सात शून्य शून्य लावलं,
मागं एकशे अडुसष्ट पिवळे प्याले लोंबत होते,
बारा मिनिटांची हवा प्रत्येकात.

नान्ना म्हणायचे,
तार तुटली की आधी माग थांबव, मग गाठ.
चालत्या मागात बोट घालू नकोस.
हे सांगताना ते डावा हात पाठीमागे धरायचे,
तर्जनी अर्धी होती त्यांची.

आम्हाला चार मिनिटं लागली.

दहा हजारांवर विमान सपाट झालं,
मास्क काढला,
आणि काचेत सोलापूर.
सिद्धेश्वराचं तळं, मधोमध देऊळ,
अक्कलकोट रोडची पत्र्याची छपरं, उन्हात पांढरी,
विडी घरकुलाच्या ओळी, हिप्परग्याचा उरलेला गाळ.
आठवड्यातून चारदा मी यावरून जाते
तेव्हा ते पडद्यावरची पाच अक्षरं असतं.
एप्रिल होता. बेचाळीस डिग्रीतली जी हवा
मी अठरा वर्षं शिव्या देत ओढली
तीच चढून इथवर आली होती,
थोडी थंड होऊन, भरपूर.
मी श्वास घेतला. वजाबाकी करून पाहिली.
त्र्याण्णव. शहाऐंशी. एकोणऐंशी.

मग वळलो आणि हैदराबादला परत उतरलो.
एका आजोबांच्या नाकातून रक्त आलं,
एका बाळाला काहीच कळलं नाही.
दोष दाराच्या रबरात निघाला, हातभर फाटलेलं.

रात्री हॉटेलवरून घरी फोन लावला.
उजवा कान माझा अजून बंद होता,
नान्नांचे दोन्ही कान चाळीस वर्षांपूर्वीच मागानं घेतले.
मी ओरडले, आज गावावरून गेले, खालून!
ते ओरडले, काय खाल्लं?
मी म्हटलं, ऐकू आलं का विमान?
ते म्हणाले, अगं पण भात खाल्लास का आमटी?
मध्ये आई, फोन धरून, धोट्यासारखी,
याचं त्याला, त्याचं याला,
शेवटी वैतागली:
हळू बोला दोघं, तव्यावर भाकरी आहे माझी.
मग जरा थांबून मलाच म्हणाली,
दुपारी कपडे वाळत घालताना
एक विमान फार खाली दिसलं.
मी म्हटलं, पडतंय की काय.
मग बघत उभी राहिले, दिसेनासं होईपर्यंत.
चादर तशीच ओली हातात.