उभारणं

राजाराम तलावावर सकाळी पावणेसातला
धुकं अजून पाण्यावरनं उठलं नव्हतं
आणि मीही फळीवरनं.
गुडघ्यांवरच होते, दोन्ही तळवे टेकून,
फरशी पुसताना असते तशी.
ही बैठक मला येते.

नेजदारांचा सुशांत कमरेएवढ्या पाण्यात,
फळीचं शेपूट धरून:
"वैनी, वल्हं उलटं धरलंय."
खरंच उलटं होतं,
पातं माझ्याकडं वाकलेलं, उलथन्यासारखं.
पुढं माझी दोन पोरं मांडी घालून,
नारिंगी जाकिटांत हनुवटीपर्यंत बुडालेली.
हिंदवी सात, राजवीर चार,
जणू पंगत बसलीय आणि वाढायला उशीर होतोय.

"आई, तू पडणार?"
"नाही."
"तू पडलीस तर आम्ही पण पडणार?"

प्रश्न तसा जुनाच.
घराचा हप्ता सुरू झाला त्या महिन्यापासून
रात्री मी तो स्वतःला विचारते.
इतक्या सरळ कुणी विचारला नव्हता.

वडणग्याच्या विहिरीत आबांनी
दादाच्या पाठीला रॉकेलचा रिकामा डबा बांधला
आणि दिला ढकलून.
तो ओरडला, बुडाला, वर आला,
चार दिवसांत पोहायला लागला.
मी काठावर त्याचे कपडे राखत.
चड्डी, बनियन, वर एक दगड,
उडून जाऊ नयेत म्हणून.
वारा नसायचाच.
तरी दगड ठेवायचे मी. काहीतरी काम हवं.

आज काठावर विक्रांत बसलाय.
मांडीवर माझा टॉवेल, पोरांचे स्वेटर,
शेजारी चपलांचे तीन जोड,
आणि तोंडात सल्ले:
"वाकू नको! अगं ताठ! ताठ!"
"मग तू ये," म्हटलं
की त्याची कंबर धरते.

"उभारा आता," सुशांत म्हणाला.

आमच्याकडं उभं राहत नाहीत, उभारतात.
थांब्यावर उभारतात, रेशनला उभारतात.
पुण्याच्या नणंदेनं एकदा हसून दुरुस्त केलं,
अगं, मंडप उभारतात, माणूस उभा राहतो.
तेव्हापासून तिच्यासमोर जपून बोलायचे.
आज कळलं, आमचंच बरोबर:
आधी एक पाऊल, मग दुसरं,
मग मांड्या, मग दोन बाळंतपणांनंतरचं पोट,
मग पाठ, सगळ्यात शेवटी मान,
एकेक वासा लावत.

"पायाकडं बघू नगा. लांब बघा."
लांब दोन म्हशी होत्या,
पाण्यात डोळ्यांपर्यंत.
त्यांचं काही म्हणणं नव्हतं.
"पाणी लई हलतंय रे," मी म्हणाले.
"पाणी गप हाय, वैनी. तुमचं पाय हालाल्यात."

सहा वल्ही मारली. मोजली.
सातव्याला राजवीरला मासा दिसला.

गार.
नाकात शेवाळ, कानात भुंगा,
वर आले तर दोघं बुचासारखी तरंगत,
राजवीर तोंड उघडून
रडायचं की हसायचं ते ठरवत.
हिंदवीनं ठरवलं.
"परत!" म्हणाली,
आणि फळीला लोंबकळत,
"आता मी उभारतो."

उभारते म्हणावं, बाळा,
ओठांवर आलं होतं.
मी फळी धरली.
जमेल तेवढी घट्ट, आणि मग
जरा कमी.

दुपारी ओट्याशी पोळ्या लाटताना
फरशी अजून हलत होती.
पाय थोडे फाकवले, गुडघे सैल,
नजर लांब.
समोरच्या इमारतीची टाकी भरून वाहत होती,
खालून कुणीतरी मोटर बंद करा म्हणून ओरडत होतं.
तव्यावरची पोळी करपली.
मी बघत होते, लांबच.