खळ

सायझिंगला होतो तेव्हा
चिंचोक्याची खळ कोपरापर्यंत लागायची.
सूत ताठ व्हायचं, मागावर तुटायचं नाही.
आता डब्यात चार मुठी खळ घेऊन
फायनान्सच्या पोराच्या मोटरसायकलवर मागं बसतो
आणि लोकांच्या दारांवर कागद चिकटवतो.
ह्या कामाला हात लागतो, म्हणाले,
तुझा बसलेला आहे.

आज अक्कलकोट रोडच्या आतली तिसरी गल्ली.
मल्लेशम येलदी. दीड खोली, वर पत्रा.
टॉवेलचे चार माग चालवायचा दुसऱ्याच्या शेडात.
ऑर्डरी थांबल्या. मालकानं माग भंगारात किलोवर दिले.
हप्ता किलोवर घेत नाहीत.

कागदावर छापलंय : सांकेतिक ताबा.
म्हणजे राहायचं तुम्हीच, पण घर तुमचं नाही.
त्यानं तीनदा विचारलं.
तीनदा मी एवढंच सांगितलं.

नळ आलेला, पाचव्या दिवसाचा.
गल्लीभर पाइप, मोटारी, घागरी,
सगळेच बाहेर, म्हणून सगळ्यांनीच वाचलं.
"सरकारनं भरावं की," बसप्पा म्हणाला,
"मोठ्याचं थकलं की बैठक बसतीय.
आपलं थकलं की माणूस येतोय बे, डबा घेऊन."
डब्याकडंच बघत होता.

पलीकडच्या उंबऱ्यावर राजमणी अक्का,
मांडीवर सूप, बोटाला दोरा.
"आणि मला कोण भरून देणार?
सात वर्षं रोजच्या हजार विड्या वळून हप्ते फेडले.
पोरीच्या कानातलं गेलं.
एक तारीख चुकवली नाही.
ह्याचं माफ करायचं असलं
तर आधी माझी बोटं परत द्या."

गल्ली गप्प. एक मोटार तेवढी घरघरत.
मला वाटलं, मिटलं इथंच.

पण तिनं विडीचं तोंड दुमडलं, आणि हळू म्हणाली,
"माफी नकोच. वर्षभर थांबा म्हणा.
सूत तुटलं तर माग थांबवून गाठ मारतात,
का अख्खा ताणा कापून टाकतात?
तू सायझिंगचा ना रे? सांग."

मी काय सांगणार.
माझाच हप्ता दहा तारखेला जातो, ह्याच पगारातून.
थांबलेल्या वर्षाचं व्याज कुणाच्या खिशातून,
ते अक्का बोलली नाही, मी विचारलं नाही.
गाठ बसेपर्यंत माग धरून ठेवायला
कुणीतरी मोठ्या हाताचं लागतं,
एवढं मात्र मला शेडातच कळलं होतं.

पंच म्हणून सही द्यायला कुणी पुढं येईना.
फोटोला कागद सपाट लागतो.
मी तळवा फिरवला, वरून खाली, सवयीनं.

तेव्हा आतून त्याची बायको म्हणाली,
भांडण नव्हतं आवाजात,
"दादा, खळ जरा कमी लावा.
दिवाळीतच रंग दिलाय दाराला."