सव्वादोन हजार लिटर

रेइनोनं पेन्सिल कानामागे खोचली आणि म्हणाला,
आठ बाय चार. उंची तीन.
मला वाटलं, कोंबड्यांचं खुराडं.

थंडर बेमध्ये जानेवारी, उणे एकतीस.
रस्ता ओलांडला की लेक सुपीरियर,
एवढं गोडं पाणी गोठून पडलेलं,
आणि हा तळघरात पाऊण इंची प्लायवूड उतरवून
स्वतःचं वेगळं पाणी बांधणार.

कारण एक मासा.
डॉक्टर मॅकाइव्हरांनी दातांचा दवाखाना मोडला,
खुर्च्या गेल्या, दिवे गेले,
उरला हा मिशाळ, लाल शेपटीचा,
अकरा वर्षं चार फुटी काचेतून
लोकांचे सुजलेले गाल बघत बसलेला.
त्याला वळता येत नाही, रेइनो म्हणाला.
कागदाची गिरणी बंद झाल्यापासून
एवढं लांब वाक्य त्याच्या तोंडून मी ऐकलं नव्हतं.

खरं सांगते, त्या माशाला मी
बघायच्या आधीपासून पाण्यात पाहत होते.

काच मिळाली जुन्या आइस हॉकीच्या मैदानाची.
ती कापता येत नाही, कापली की चुरा,
म्हणून लाकूडच काचेच्या मापानं.
वरच्या कोपऱ्यात पकचा काळा ओरखडा,
कुणाचा तरी हुकलेला गोल.
राहू दे तो, मी म्हटलं.

सांध्यांवर फायबरचं कापड, त्यावर इपॉक्सी,
एक हात, दुसरा, तिसरा.
वास पावाला, उशीला, माझ्या गणवेशाला.
डायलिसिस वॉर्डात मिस्टर नाबिगॉन हुंगून म्हणाले,
नर्सबाई, होडी बांधताय?
होडीच. फक्त पाणी आतल्या बाजूला.

पहिल्यांदा भरली
आणि तिसऱ्या संध्याकाळी डाव्या कोपऱ्याखाली फरशी ओलसर.
कुठेतरी पाणी मुरत होतं, अक्षरशः.
रेइनो बोलला नाही. उपसायला लागला.
दोन आठवडे माझा हेअर ड्रायर त्या कोपऱ्याकडे तोंड करून,
मी ओल्या केसांवर लोकरी टोपी ओढून कामावर.

मग गाळणीची वेळ आली, तेव्हा मात्र
मी न बोलावता जिना उतरले.
निळं पिंप, वर कापसाची गादी,
खाली भांडी घासायच्या पाचशे प्लॅस्टिकच्या घासण्या.
इथे जिवाणू राहायला येतील, तो म्हणाला,
पाहुण्यांसाठी खोली झाडल्यासारखा.
नळी रात्रभर घोट घेत गुरगुरायची.
हवा अडकतेय, मी म्हटलं. टोकाला बारीक भोक पाड.
नळ्यांतली हवा मला कळते.
सोळा वर्षं तिच्याच पाळतीवर पगार घेते आहे.

सहा आठवडे नुसतं पाणी फिरत राहिलं,
सव्वादोन हजार लिटर, कुणासाठीच नाही.
रोज अमोनियाचे थेंब,
रोज परीक्षानळी दिव्यासमोर.
हिरवं. हिरवं. हिरवट.
मार्चमधल्या एका मंगळवारी
पिवळं.
रेइनो ती नळी घेऊन वॉर्डापर्यंत आला,
मिस्टर नाबिगॉनांनी चष्मा लावून पाहिली,
म्हणाले, माझ्यापेक्षा बरा रिपोर्ट आहे.

मासा आला बर्फाच्या पेटीत, ओल्या टॉवेलखाली.
तीन दिवस कोपऱ्यात, नाक लाकडाला.
चौथ्या दिवशी तो वळला म्हणे.
आम्ही वर सूप पीत होतो.
खाली येऊन पाहिलं
तर तोंड दुसऱ्या भिंतीकडे, पाणी अजून हलतंय.

एप्रिलच्या गारठ्यात तारांवर बर्फ साचून वीज गेली.
मला जाग आली ती आवाजानं नाही, तो नसल्यानं.
खाली रेइनो, कपाळावर टॉर्च,
पिंपातून मग भरून टाकीत ओततोय,
घाईघाईनं, बाही कोपरापर्यंत भिजलेली.

आमच्या यंत्रांना एक दांडा असतो.
वीज गेली की हातानं फिरवायचा,
फार भरभर नाही, फार सावकाश नाही,
माणसाचं रक्त माणसात परत जाईपर्यंत.
मी मग त्याच्या हातातून घेतला.
असं नाही, म्हटलं. मोजत ओत.

माझ्या पाळीत चारशे बारा झाले.
त्याचा आकडा तो सांगत नाही.
मासा मधोमध, टॉर्चच्या उजेडात,
एकदा इकडे तोंड करून, एकदा तिकडे.