आजचा भाव

सकाळी साडेआठला शटर वर करतो,
फलकावरचे लाल आकडे पेटवतो.
डॉलर, पौंड, दिरहम, टाका, रुपया,
प्रत्येकापुढे दशांशाची तीन घरं,
कारण इथे हजार बैशांचा एक रियाल होतो
आणि एका बैशावरूनही माणसं हुज्जत घालतात.
मत्राच्या कॉर्निशमागची ही गल्ली.
दुपारपर्यंत आमच्या नोटांनाही सुरमईचा वास येतो.

हॅथरली साहेब महिन्याच्या सात तारखेला येतात.
पेन्शन तिकडे पौंडांत, घरभाडं इकडे रियालांत.
अठ्ठ्याहत्तर वर्षं, कॉलर विरलेली,
इस्त्री मात्र कडक.
काचेच्या फटीतून विचारतात,
'शिरगावकर, आज मी किती उरलो?'
मग सत्तर सालचं सांगतात:
एकाला एक होता. एक पौंड, एक रियाल. सरळ हिशेब.
आता एका रियालला दोनाला थोडे कमी.
'माझा देश तुमच्या या काचेत अर्धा झाला,' म्हणतात,
आणि लगेच, 'पण तू माझ्याशी बोलतोस ते माझ्याच भाषेत ना?'
बोलतो, साहेब.
शिव्या मालवणीत देतो.

गेल्या महिन्यात आमचा रुपया पडला.
रांग थेट मासळीबाजारापर्यंत.
काखेत हेल्मेटं, हातात बत्ताके,
चेहरे असे की कुणी पेढे वाटायचेच बाकी.
दापोलीचा इख्लास मुकादम काचेला नाक लावून,
'अजून पडेल काय हो? थांबू काय सोमवारपर्यंत?'
मी म्हणालो, सांगता येत नाही.
मी स्वतः थांबलो होतो.
गावी माझ्या स्लॅबचं काम अडलंय,
देश दोन पायऱ्या उतरला
की घर एक मजला चढतं.
हे मी साहेबांना सांगितलेलं नाही.
त्यांच्या रांगेत ते एकटेच असतात
आणि त्यांना भाव चढायला हवा असतो.

शुक्रवारी खल्फानच्या होडीतून जुन्या मस्कतच्या खाडीत गेलो.
साहेबांना खडक बघायचे होते.
येणाऱ्या प्रत्येक जहाजाचे खलाशी म्हणे
कड्यावर चढून चुन्यासारख्या पांढऱ्या रंगात
आपल्या जहाजाचं नाव लिहून जात.
वडिलांच्या जहाजाचं नाव कुठे ते साहेबांना पाठ होतं:
किल्ल्याच्या डावीकडे, कपारीच्या वर.
शेवटची तीन अक्षरं होती.
बाकीच्यांच्या जागी कबुतरांची विष्ठा,
तीही पांढरीच, त्यामुळे क्षणभर
नाव पूर्ण असल्यासारखं वाटलं.

'ऊन खातं रंग,' खल्फान म्हणाला.
'पूर्वी कुणी ना कुणी येऊन पुन्हा मारून जायचं.'
'आणि आता?'
'आता डबा स्वतःचा आणावा लागेल.'
त्याने इंजिन बंद केलं, थर्मासमधून चहा ओतला.
चहात लवंग. त्याची आजी झांजीबारची.
तिथे एके काळी यांचं राज्य होतं, यांचाच सुलतान.
राज्य गेलं, आजी बोटीतून परत आली,
आणि येताना लवंग घालायची सवय तेवढी आणली.
'वाईट वाटतं?' साहेबांनी विचारलं.
खल्फानने पेल्यात बघितलं.
'लवंग महाग झालीय,' म्हणाला.

होडी हलत होती. कुणी काही बोललं नाही.
मला सांगायचं होतं की आमच्याकडे
अगदी पक्क्या गोष्टीला
काळ्या दगडावरची रेघ म्हणतात.
इंग्रजीत जुळवून बघितलं मनात,
मग समोरच्या कड्याकडे पाहिलं
आणि चहा संपवला.

उतरताना साहेबांनी माझा हात धरला,
धक्क्याची पायरी शेवाळलेली होती.
वजन फार नव्हतं.

सोमवारी पौंड चार बैसे वधारला.
रुपयाही सावरला, रांग पांगली,
मुकादम लांबूनच फलक बघून गेला.
फोन उचलला, ठेवला.
सात तारखेला अजून नऊ दिवस आहेत,
तोपर्यंत काय ते होईल.