लाल ठिपका

सरू रात्रपाळीला दवाखान्यात गेली की
मी तथागतला शाळेच्या ड्रेसवरच झोपवतो.
सकाळी तेवढंच एक भांडण कमी.

उजव्या बुटात आतून
नेलपॉलिशचा लाल ठिपका :
लाल कोणता पाय?
जेवायच्या हाताकडचा.

जालन्यात नळ आठव्या दिवशी.
तेव्हा दोन्ही लेकरं एकाच टोपल्यात बसवायची,
तेच पाणी मग मोरीला.

"दूध पी" म्हणत नाही आता.
विचारतो, निळा पेला का स्टीलचा?
धाकटी म्हणती, दोन्ही.
ह्याच्यावर उपाय सापडला नाही अजून.

साडेआठला सरू येती,
चपला हातात घेऊन, पाय न वाजवता.
पोराच्या चुरगळल्या शर्टावर
हात फिरवती, हसती,
आन् तशीच
ड्युटीच्या साडीवर
आडवी होती.