येणे बाकी

माओ बंदराच्या तोंडाशी लाँचचं इंजिन मंद करते मी
आणि सांगायला लागते. रोजचं तेच.
दीड कोस आत शिरलेलं पाणी;
बाहेर त्रामुंताना वारा डोलकाठ्या मोडत असला
तरी इथे वाटीतल्या तेलाइतकंच हलणारं.
उजवीकडे लाझारेतो. जहाजावर ताप असला तर
माणसं चाळीस दिवस भिंतीआड,
आणि पत्रं व्हिनेगरमध्ये बुचकळून, धुरी देऊन,
मग गावात.
आईचं पत्र लोणच्याच्या वासाचं यायचं, मी म्हणते.
इथे लोक हसतात. इथेच हसतात नेहमी.

इंग्रज तीनदा आले, तीनदा गेले.
मध्ये फ्रेंच, सात वर्षं.
जाताना तोफा मोजून नेल्या सगळ्यांनी,
शब्द मात्र विसरले:
काचेच्या पुढे आलेल्या खिडकीला आम्ही बोइंदर म्हणतो,
पेचकसाला तोर्नेस्क्रू,
पोरं गोट्या खेळतात त्या मेर्वेल्स.
माझी आई मरेपर्यंत समजत होती
हे शब्द इथल्याच भिंतींतून उगवले,
केपरच्या झुडपांसारखे, कुणी न लावता.

मग कुणीतरी पुस्तक काढतं.
जाडजूड, कोपरे दुमडलेलं, आत धक्क्याचा नकाशा.
आज हॅलिफॅक्सचा एक निवृत्त मास्तर, उन्हाने नाक सोललेलं.
तो कप्तान कुठे उतरला होता हो?
पहिल्या वर्षी मी खरं सांगायचे,
की तो कागदावरच जन्मला, कागदावरच बुडाला.
लोकांची तोंडं उतरायची.
आता जिन्याच्या वरची हिरवी खिडकी दाखवते.
तिथे फेलीप राहतो, फ्रिज दुरुस्त करणारा.
तो हात हलवतो. फोटो निघतात.

पण मास्तर उतरेना.
म्हणाला, तुमचं कोण होतं तेव्हा?

कोलोमा होती, मी म्हणाले. कोलोमा सेगी.
मधल्या बेटावरच्या इस्पितळाचे कपडे धुवायची.
चादरीवरचा डाग बघून सांगायची म्हणे
कुठल्या गलबतावर डांबर उकळताना भाजले,
कुठल्यावर फटके पडले,
कुठल्यावर नुसताच पोटाचा आजार.
युद्धाची बातमी तिला गव्हर्नरच्या आधी कळायची,
ओली, जड, पिळून काढावी लागणारी.

त्याला कागद दाखवला. प्लास्टिकमध्ये घातलाय,
सुकाणूच्या खालच्या खणात असतो, डिझेलच्या पावत्यांबरोबर.
त्रेचाळीस सदरे. अकरा चादरी. येणे बाकी.
रात्री वारा फिरला आणि पहाटे नांगराची जागा रिकामी.
गलबताचं नाव पाण्याने गेलंय,
शेवटचं अक्षर तेवढं उरलंय, आकड्यासारखं वाकडं.
ते कुठे बुडालं, लाकूड म्हणून विकलं गेलं,
की कुणा पुस्तकात आहे, माहीत नाही.
पुस्तकांत कप्तान धोब्याची देणी
अर्ध्या ओळीत चुकती करतात.
बहुतेक तीही लिहीत नाहीत.

मास्तराने खिशात हात घातला.
वीस युरोची नोट, चारदा घडी घातलेली.
त्याचा चेहरा इतका सरळ होता
की मला रागही येईना.

नको, म्हटलं.
पैसे घेतले तर हिशेब मिटेल,
आणि हिशेब मिटला
तर त्या गलबताला या बंदरात परत यायचं
एकही कारण उरणार नाही.

तो बराच वेळ तोंडाकडे बघत राहिला, पाण्याच्या.
मग मी दोर घेतला, दगडातल्या खाचेत टाकला;
ती खाच माझ्या दोराने पडलेली नाही,
पण माझा दोर तिच्यात बरोबर बसतो.

जपून उतरा, म्हटलं,
तिसरी पायरी शेवाळलेली आहे.